तालीम, व्यायामशाळा आणि फिटनेस क्लब : नांदेड-लातूरच्या संदर्भात सभासदांच्या पसंती-नापसंतीची चिकित्सा

प्रस्तावना

१९९१ नंतरच्या उदारीकरणाने महानगरांइतकाच मध्यम आकाराच्या शहरांचाही चेहरा बदलला. मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर ही शहरे या बदलाची ठळक उदाहरणे होत. १९९४ साली नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने शहरातील रस्ते रुंदावले. लातूर १९८२ मध्ये जिल्ह्याचे ठिकाण झाले आणि 'लातूर पॅटर्न'मुळे राज्यभरातील विद्यार्थ्यांचे गाव बनले. शिकवणी वर्ग, खाजगी रुग्णालये, मंगल कार्यालये, मॉल आणि गृहसंकुले यांच्या पाठोपाठ या दोन्ही शहरांत वातानुकूलित, आरशांनी मढविलेली, आयात यंत्रांनी सजलेली फिटनेस क्लबेही आली. डॉक्टर, व्यापारी, अधिकारी, प्राध्यापक, गृहिणी आणि महाविद्यालयीन तरुण हा त्यांचा सभासदवर्ग होय.

या क्लबांविषयी सभासदांच्या बोलण्यात दोन सूर ऐकू येतात. एक सूर समाधानाचा असतो : स्वच्छता, थंडावा, उत्तम यंत्रे, महिलांची सोय. दुसरा तक्रारीचा असतो : गर्दी, सतत बदलणारे प्रशिक्षक, वाढीव शुल्काचा तगादा आणि परत न मिळणारे पैसे. हे दोन सूर सहसा एकमेकांपासून वेगळे मानले जातात. 'सोयी चांगल्या आहेत, व्यवस्थापन सुधारले पाहिजे' असा एक सोपा निष्कर्ष त्यांतून काढला जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून वेगळे आहे. सभासदांना आवडणाऱ्या बहुतेक गोष्टी वस्तुरूप असतात, त्यामुळे त्या विकत मिळतात. त्यांना खटकणाऱ्या बहुतेक गोष्टी शिकवण्याच्या नात्याशी निगडित असतात. क्लब या संस्थेने जागा सुधारली, पण गुरू गमावला; पसंती आणि नापसंती ही या एकाच घटनेची दोन अंगे आहेत.

शब्दांचा प्रवास

व्यायामाच्या जागेला मराठीत मिळालेली नावे या दृष्टीने उद्बोधक आहेत. 'तालीम' हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ शिक्षण. म्हणूनच मराठीत कुस्तीचीही तालीम असते आणि नाटकाचीही. 'व्यायामशाळा' या शब्दातील 'शाळा' मराठी कानाला शिकण्याचीच आठवण करून देते. विशेष म्हणजे 'जिम' हा आजचा शब्दही याला अपवाद नाही. ज्या ग्रीक 'जिम्नॅशियम'पासून तो आला, त्या जागा शरीरसाधनेबरोबरच चर्चेच्या व अध्ययनाच्याही होत्या. प्लेटोची अकादमी आणि अॅरिस्टॉटलचे लायसियम अथेन्समधील अशाच व्यायामस्थळांशी जोडलेले होते. 'क्लब' हा शब्द मात्र वेगळ्या कुळातला आहे. क्लबात शिष्य नसतो, सभासद असतो. प्रवेश गुरूच्या संमतीने मिळत नाही, वर्गणीने मिळतो.

महाराष्ट्रात व्यायाम हा ज्ञानाचा विषय मानला गेला होता, याचे पुरावे विपुल आहेत. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी अमरावतीस श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. त्या संस्थेच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश' मराठीत प्रसिद्ध झाला. एखादा समाज जोर, बैठका, मल्लखांब आणि मुद्गल यांवर दहा खंड सिद्ध करतो, तेव्हा तो व्यायामाकडे निव्वळ वजन घटविण्याचे साधन म्हणून पाहत नसतो.

मराठवाड्यातील वारसा

निजामी राजवटीत मराठवाड्यात व्यायामाला आणखी एक परिमाण लाभले. हैदराबाद संस्थानात आर्य समाजाने जी जागृती केली, तिच्यात शाळा, हवन आणि प्रवचनांबरोबर आखाडेही होते. उदगीर, लातूर, निलंगा या पट्ट्यात तालीम ही शरीर कमावण्याची आणि निर्भय होण्याची जागा होती. नांदेडात शीख परंपरेतील गतका या शस्त्रविद्येचा वारसा आहे. हल्ला-महल्ल्याच्या वेळी आजही तिचे दर्शन घडते. जत्रेतील कुस्त्या, हलगीचा ठेका, नारळाच्या कुस्तीपासून मानाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत चढत जाणारा फड, हे ग्रामीण मराठवाड्याचे जिवंत वास्तव होय.

या मातीतून मोठे मल्ल घडले. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड या गावचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. १९७० च्या एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी अनेक शिष्य घडविले. बीड जिल्ह्यातील राहुल आवारे हा त्यांच्या शिष्यांपैकी एक. बिराजदारांच्या निधनानंतर त्याचे प्रशिक्षण लातूर जिल्ह्यातूनच पुण्यास गेलेल्या काका पवार यांच्याकडे झाले आणि २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकले. एका वस्तादाचा शिष्य दुसऱ्या वस्तादाने आपला मानून पुढे नेला, या साध्या घटनेत तालीम नावाच्या संस्थेचे मर्म सामावले आहे. तिथे शिष्य हा वस्तादाच्या जबाबदारीचा विषय असतो. तो सकाळी आला नाही तर वस्ताद विचारणा करतो, त्याच्या खुराकाची चौकशी करतो, डाव चुकला तर त्याच क्षणी अडवितो.

तथापि या वारशाचे गुणगान करताना त्याच्या मर्यादा झाकून चालणार नाही. तालीम बहुधा गल्लीची, मोहल्ल्याची वा जातसमूहाची असे. वस्तादाची मर्जी हाच तिचा नियम असे. मुख्य म्हणजे स्त्रियांना तिचे दार बंद होते. महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ पासून सुरू आहे. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मात्र मार्च २०२३ मध्ये सांगली येथे झाली. या दोन वर्षांमधील बासष्ट वर्षांचे अंतर हीच तालीम-संस्कृतीवरील सर्वांत कठोर टीका आहे. ग्रीक व्यायामस्थळेही स्त्रिया व गुलाम यांना वर्ज्यच होती, हेही येथे नोंदविले पाहिजे. त्यामुळे 'पूर्वीचे सारे चांगले, आताचे सारे चंगळवादी' ही मांडणी वस्तुस्थितीला धरून होणार नाही.

पसंतीची कारणे

सभासदांना क्लब का आवडतो, याचे पहिले उत्तर हवामानात आहे. नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत बंदिस्त, थंड आणि धूळविरहित जागा ही चैन वाटली तरी ती एक वास्तव गरज असते. उखडलेले पदपथ, मोकाट जनावरे आणि बेशिस्त वाहतूक यांमुळे सायंकाळी रस्त्यावर चालणेही जिथे अवघड होते, तिथे ट्रेडमिलची उपयुक्तता हसण्यावारी नेता येत नाही.

दुसरे कारण स्वच्छतेचे. लॉकर, शॉवर, स्टीम बाथ, कोरडे टॉवेल यांचे आकर्षण पुण्या-मुंबईच्या सभासदाला असते त्याहून लातूरच्या सभासदाला वेगळे असते. एप्रिल २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. ज्या शहरातील कुटुंबांनी नळाला पाणी कधी येणार याची दिवसेंदिवस वाट पाहिली, तेथे वाहता शॉवर ही प्रतिष्ठेची खूण बनते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात अभिरुची ही वर्गभेदाची खूण कशी ठरते, हे दाखविले आहे. क्लबची पसंती केवळ आरोग्याची नसते, आपण कोणत्या वर्गात पोहोचलो याची ती पावतीही असते. मात्र पाणीटंचाईच्या प्रदेशात या पावतीची किंमत सभासदाच्या शुल्कापुरती मर्यादित राहत नाही. ती शहराच्या सामायिक पाण्यातूनही वसूल होते, ही बाब क्वचितच चर्चेत येते.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे अनोळखीपणाचे स्वातंत्र्य. छोट्या शहरात प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो. पोट सुटलेला चाळिशीचा लिपिक तालमीत जाण्यास लाजतो, कारण तेथे त्याचे हसे होईल अशी त्याला भीती वाटते. क्लबात शुल्क भरले की कोणी आडनाव विचारीत नाही, कोणाचा मुलगा म्हणून विचारीत नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर हे स्वातंत्र्य निर्णायक ठरते. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांमध्ये सुमारे ५७ टक्के होते. घरकाम हाच व्यायाम समजल्या गेलेल्या स्त्रीला क्लबाने प्रथमच स्वतःच्या शरीरासाठी राखीव असा एक तास दिला. महिलांची स्वतंत्र वेळ, महिला प्रशिक्षक आणि सोयीचा पोशाख घालण्याची मुभा या गोष्टी तालमीने शतकभरात दिल्या नाहीत. क्लबाच्या बाजूने हा युक्तिवाद सर्वांत बळकट आहे.

नापसंतीची कारणे

तक्रारींची यादी वरवर पाहता विस्कळीत वाटते. सायंकाळी सहा ते नऊ या वेळेत यंत्रांसमोर रांग लागते. यंत्रावर बसून मोबाइल पाहणारा उठत नाही. घाम पुसला जात नाही. संगीताचा आवाज कानठळ्या बसविणारा असतो. महिलांसाठी नेमलेली वेळ बहुधा दुपारची, म्हणजे नोकरदार स्त्रीला निरुपयोगी असते; मिश्र वेळेत जड वजनांचा विभाग पुरुषांनी व्यापलेला असतो. पहिल्या आठवड्यात आपुलकीने वागणारा प्रशिक्षक दुसऱ्या महिन्यात दिसत नाही. उरलेले प्रशिक्षक वेगळे शुल्क भरून 'पर्सनल ट्रेनिंग' घेणाऱ्यांभोवतीच वावरतात. प्रथिनांच्या भुकटीचे डबे समोरच्या काउंटरवर मांडलेले असतात आणि सल्ला देणारा व विकणारा एकच असतो.

यांपैकी बहुतेक तक्रारींचे मूळ एकच आहे : या जागेत कोणी कोणाला शिकवीत नाही. रांगेची शिस्त, यंत्र पुसून ठेवण्याची सवय, नवख्याला जागा करून देण्याची रीत हे सारे तालमीत वस्तादाच्या नजरेने शिकविले जाई. आखाड्यातील माती खणणे, तिच्यात तेल-ताक घालणे, ती सारखी करणे ही कामे पठ्ठे स्वतः करीत. त्यामुळे जागा 'आपली' होई. क्लबात हे काम सफाई कर्मचाऱ्याचे असते आणि सभासद हा ग्राहक असतो. ग्राहकाला शिस्त लावण्याचे धैर्य व्यवस्थापनाजवळ नसते, कारण तो पुढल्या वर्षी नूतनीकरण करणार नाही ही धास्ती असते.

प्रशिक्षकाचे स्थानही येथे समजून घेतले पाहिजे. तो बहुधा ग्रामीण भागातून आलेला, कधी काळी स्वतः कुस्ती वा शरीरसौष्ठव केलेला तरुण असतो. पगार तुटपुंजा, कामाचे तास पहाटे आणि रात्री विभागलेले, आणि उत्पन्न खाजगी शिकवणीच्या वाट्यावर अवलंबून. अशा स्थितीत त्याने सर्वांकडे सारखे लक्ष द्यावे ही अपेक्षा व्यवस्थेनेच अशक्य करून ठेवली आहे. लातूर-नांदेडच्या प्राध्यापकांना हे दृश्य परिचित वाटावे. वर्गात शिकवणे नाममात्र आणि खरी शिकवणी वेगळ्या शुल्कात, हा शिक्षणक्षेत्रातील प्रकार व्यायामक्षेत्रात जसाच्या तसा अवतरला आहे. याचा सर्वाधिक फटका अठरा-वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांना बसतो. वसतिगृहात एकटा राहणारा मुलगा आरशातील शरीराची तुलना पडद्यावरील शरीराशी करतो. त्याला थांबविणारा वस्ताद नसला की भुकटीपासून इंजेक्शनापर्यंतचा रस्ता फार लांब राहत नाही.

गैरहजेरीचे अर्थकारण

क्लबाच्या आर्थिक रचनेचा विचार केल्याशिवाय ही चिकित्सा पूर्ण होणार नाही. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये अमेरिकेतील तीन हेल्थ क्लबांच्या सभासदांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मासिक ७० डॉलरहून अधिक शुल्काचा करार करणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच क्लबात जात. म्हणजे त्यांना एका भेटीसाठी १७ डॉलरहून अधिक मोजावे लागत. दहा भेटींचा पास घेतला असता तर तीच भेट १० डॉलरला पडली असती. माणसे आपल्या भावी निग्रहाविषयी अवाजवी आशावादी असतात आणि क्लब त्या आशेची किंमत आगाऊ घेतो, असा याचा अर्थ.

एक जानेवारी, गुढीपाडवा आणि लग्नसराईच्या आधीचे दिवस हे आपल्याकडील त्या आशेचे मुहूर्त होत. वार्षिक 'पॅकेज' घेणारा सभासद रोज आला तर क्लबाची जागा अपुरी पडेल. तो आला नाही तरच हिशेब जुळतो. तालमीत गैरहजेरी हा दोष होता, क्लबात ती नफ्याची अट आहे. 'आज का आला नाहीत?' असे विचारणारे येथे कोणी नसते. दूरध्वनी येतो तो नूतनीकरणाच्या वेळी. सभासदाला ज्या अनोळखीपणाचे स्वातंत्र्य आवडले होते, तोच अनोळखीपणा आता त्याला खटकू लागतो. त्याची पसंती आणि नापसंती येथे एका बिंदूवर येऊन मिळतात.

हे अर्थकारण क्लबांनाही सुरक्षित ठेवीत नाही. १९३२ साली मुंबईत तळवलकरांनी सुरू केलेली व्यायामशाळा हा मराठी उद्यमशीलतेचा अभिमानास्पद अध्याय होता. तिचा विस्तार देशभरात शंभराहून अधिक शाखांपर्यंत झाला आणि २०१० मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले. २०१९ मध्ये मात्र कर्जरोख्यांवरील व्याजाची देणी थकली आणि त्यानंतर शाखा बंद पडत गेल्या. एका जागी उभी राहिलेली व्यायामशाळा पिढ्यान्पिढ्या टिकली, पण कर्जावर वाढलेली साखळी दशकभरात विस्कटली. पाठोपाठ मार्च २०२० पासून साथीमुळे राज्यातील सर्व व्यायामगृहे बंद झाली, ती २५ ऑक्टोबर २०२० रोजी, दसऱ्याला उघडली. आगाऊ शुल्क म्हणजे सभासदाने क्लबाला दिलेले बिनव्याजी आणि बिनतारण कर्ज असते, हे या काळाने दाखवून दिले.

शासनाची दृष्टी

शासकीय व्यवहारातही हाच दुभंग दिसतो. क्रीडा व युवक सेवा संचालनालय व्यायामशाळांना विकास अनुदान देते, म्हणजे तेथे व्यायाम हे लोककल्याणाचे कार्य ठरते. करव्यवस्थेत मात्र क्लबाची सेवा सौंदर्य आणि शारीरिक स्वास्थ्य या सदरात, केशकर्तनालय व ब्युटी पार्लर यांच्या शेजारी बसते. ऑगस्ट २००२ मध्ये हेल्थ क्लब सेवाकराच्या कक्षेत आले. २०१७ पासून त्यांच्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला आहे. सवलत स्वागतार्ह असली तरी वर्गीकरण बोलके आहे. शासनाच्या लेखी तालीम ही शाळेच्या जवळची आणि क्लब हा पार्लरच्या जवळचा. प्रत्यक्षात दोन्हीकडे घाम गाळणारे शरीर एकच असते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने सदोष सेवेचा मोबदला परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली असून एकतर्फी, अनुचित करारांविरुद्धही दाद मागण्याची सोय केली आहे. 'भरलेले शुल्क कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही' ही पावतीवरील ओळ अंतिम शब्द नव्हे, याची जाणीव सभासदांमध्ये अद्याप रुजलेली नाही. परंतु कायदा पैसे परत मिळवून देऊ शकेल, शिक्षक मिळवून देऊ शकणार नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, फिटनेस क्लबाविषयीच्या तक्रारी यंत्रे वाढवून वा सजावट बदलून मिटणाऱ्या नाहीत. क्लबाने दार उघडले, ही त्याची ऐतिहासिक कामगिरी आहे. जे दार तालमीने स्त्रियांसाठी आणि परक्यांसाठी बंद ठेवले होते, ते पैशाच्या बळावर का होईना, उघडले गेले. पण दारातून आत आलेल्या माणसाचे पुढे काय करायचे, याचे उत्तर क्लबाजवळ नाही, ते तालमीजवळ होते. लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागात १९६५ मध्ये जो गोल्ड यांनी उघडलेली मूळ 'गोल्ड्स जिम' ही साध्या विटांची, हाताने घडविलेल्या यंत्रांची जागा होती, हे तिच्या नावाने आज उभ्या असलेल्या आलिशान शाखांकडे पाहून कोणाला पटणार नाही. जागा साधी असूनही चालते. तिथे जाणकार माणूस असावा लागतो.

म्हणून क्लबाचे मूल्यमापन हॉटेलच्या निकषांवर न करता शाळेच्या निकषांवर झाले पाहिजे. येथे किती प्रशिक्षक एका वर्षाहून अधिक काळ टिकले? मूळ शुल्कात किती शिकविले जाते? महिलांची वेळ नोकरदार स्त्रीला सोयीची आहे काय? आहाराचा सल्ला देणारा आणि डबा विकणारा वेगळे आहेत काय? सभासद आठवडाभर आला नाही तर कोणाच्या लक्षात येते काय? महाविद्यालयांपुरते बोलायचे तर बहुतेक महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालकाचे पद आहे, मैदान आहे, बहुधा व्यायामशाळेची एक खोलीही आहे. ती खोली सकाळ-सायंकाळ उघडी राहिली, तिच्यात विद्यार्थिनींना हक्काची वेळ आणि शिकविणारी व्यक्ती मिळाली, तर क्लबाचे उघडे दार आणि तालमीची विचारणा या दोन्ही गोष्टी नांदेड-लातूरला एका छताखाली आणता येतील. यासाठी वातानुकूलनाची गरज नाही. हजेरीपत्रकाची आणि ते रोज पाहणाऱ्या माणसाची गरज आहे.